डुलकी कोणी मोजायची?

नांदेड आणि लातूर या दोन शहरांतून रोज रात्री पुण्या-मुंबईकडे खासगी प्रवासी गाड्यांचा ताफाच निघतो. लातूरहून पुणे सुमारे सव्वातीनशे किलोमीटर, नांदेडहून साडेचारशेच्या आसपास. सुट्टी संपवून परतणारे विद्यार्थी, कंपनीत कामाला असलेली मुले, मोठ्या दवाखान्यात दाखवायला निघालेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक पडदे ओढून झोपी जातात. त्या गाडीत झोपण्याचा अधिकार नसलेला माणूस एकच, आणि तो सुकाणूवर बसलेला असतो. त्याला दिवसा किती तास झोप मिळाली याची चौकशी करण्याची पद्धत आपल्याकडे नाही. मिळालेल्या झोपेत त्याचा श्वास किती वेळा अडला, हा प्रश्न तर कोणाच्या मनातही येत नाही.

वैद्यकशास्त्र ज्याला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणते, त्या विकाराचे स्वरूप थोडक्यात असे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहूनही अधिक वेळ बंद होते. छाती श्वास ओढण्याची धडपड करीत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, एक मोठा घोरण्याचा आवाज होतो आणि वाट मोकळी होते. रुग्णाला यातले काहीही आठवत नाही. असे तासाला पाचपेक्षा कमी वेळा झाले तर ते स्वाभाविक मानतात. पाचपासून पुढे विकार, पंधरापासून मध्यम आणि तीसपासून तीव्र. तीव्र विकाराच्या माणसाची रात्र अशा रीतीने शेकडो तुकड्यांत कापली जाते. सकाळी तो 'आठ तास झोपलो' असे सांगतो आणि ते खोटे नसते. दुपारी मात्र त्याची मान छातीवर पडते.

आपल्या समाजाने या दोन्ही लक्षणांचा अर्थ नेमका उलटा लावून ठेवला आहे. घोरणे हे गाढ झोपेचे, निश्चिंत मनाचे लक्षण समजले जाते. दिवसा पेंगणे हे आळसाचे. कचेरीत टेबलावर डोके टेकलेला कारकून हा व्यंगचित्रांचा ठरलेला विषय आहे, आणि शेवटच्या बाकावर डुलक्या घेणाऱ्या विद्यार्थ्याला खडूचा तुकडा फेकून जागे करणे ही अध्यापनाची मान्यताप्राप्त रीत आहे. कुंभकर्णाला आजारी म्हणण्याचे कोणाला सुचले नाही.

पाश्चात्त्यांनाही ते फार लवकर सुचले अशातला भाग नाही. 1956 साली बरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्थूल, सदा पेंगुळलेल्या व्यावसायिकाची हकिगत प्रसिद्ध केली. हा गृहस्थ पत्ते खेळत असता त्याच्या हाती तीन एक्के आणि दोन राजे आले, आणि पैसे लावण्याऐवजी त्याला चक्क झोप लागली. त्यानंतरच तो रुग्णालयात गेला. डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मधील सतत झोपणाऱ्या लठ्ठ पोरावरून बरवेल यांनी या विकाराला नावही दिले. परंतु झोपेत श्वासाची वाटच बंद होते हे कळायला 1965 साल उजाडावे लागले. पुढे 1981 मध्ये सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी नाकावाटे सतत हवेचा दाब देऊन ती वाट उघडी ठेवणारे यंत्र वापरून दाखविले. आज सी-पॅप या नावाने ओळखला जाणारा हाच मुख्य उपचार आहे. म्हणजे रोग कळला आहे, उपायही आहे. अडचण आहे ती मधल्या पायरीवर. रुग्णाला दिवसा झोप किती येते हे ठरवायचे कसे, आणि ते कोणी?

श्वास किती वेळा अडला हे यंत्र मोजू शकते, मग पेंग मोजण्याचा खटाटोप कशासाठी, अशी शंका येथे कोणी घेईल. तिचे उत्तर महाराष्ट्रातच झालेल्या एका पाहणीत आहे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आरोग्यतपासणीसाठी आलेल्या 35 ते 65 वयाच्या पुरुषांना प्रथम प्रश्नावली देण्यात आली आणि त्यांतील 250 जणांची घरच्या घरी रात्रभर निद्राचाचणी झाली. श्वास अडण्याचा विकार निघाला 19.5 टक्क्यांत. त्याच्या जोडीला दिवसा अतिझोप असणारे, म्हणजे ज्यांना खऱ्या अर्थाने रुग्ण म्हणावे असे, निघाले 7.5 टक्के. दोन आकड्यांमध्ये बारा टक्क्यांची दरी आहे आणि ती दरी सर्वस्वी पेंग मोजण्यावर अवलंबून आहे.

ही दरी सर्वत्र सारखी असती तरी काम सोपे झाले असते. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याच्या सरकारी नोकरांवर झालेल्या आणि 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या गाजलेल्या पाहणीत पुरुषांतील हे दोन आकडे 24 टक्के आणि 4 टक्के असे होते. दिल्लीच्या निमशहरी वस्तीतील 2006 च्या पाहणीत ते 13.7 आणि 3.6 आले. म्हणजे श्वास अडणाऱ्यांपैकी मुंबईत पाचांतले सुमारे दोघे पेंगतात, दिल्लीत चारांतला एक, तर विस्कॉन्सिनमध्ये सहांतला एक. मुंबईकराचा घसा विस्कॉन्सिनच्या कारकुनापेक्षा निराळ्या रीतीने बंद होतो असे तर नाही. तिन्ही ठिकाणी प्रश्न सारखे नव्हते, लोक सारखे नव्हते. आणि पहाटेची लोकल गाठणाऱ्या माणसाची झोप घसा उघडा असला तरी अपुरीच असते. या आकड्यांची परस्परांशी थेट तुलना करू नये, हे खरे. पण रोगाचे प्रमाण जर प्रश्नाच्या शब्दांनुसार हलत असेल, तर आधी प्रश्नच तपासून पाहिला पाहिजे. शिवाय मोठ्या खासगी रुग्णालयात आरोग्यतपासणीला येणारा पुरुष हा लोह्याच्या ट्रकचालकाचा प्रतिनिधी नव्हे, याचेही भान ठेवावे लागेल.

जगभर सर्वाधिक वापरला जाणारा प्रश्नसंच एपवर्थ मापनश्रेणी या नावाने ओळखला जातो. मेलबर्नच्या एपवर्थ रुग्णालयातील डॉ. मरे जॉन्स यांनी तो 1991 मध्ये तयार केला. आठ प्रसंग दिलेले असतात आणि त्या प्रत्येकात डुलकी लागण्याची शक्यता किती, हे रुग्णाने शून्य ते तीन या गुणांत सांगायचे असते. एकूण गुण चोवीस. दहापेक्षा अधिक आले तर झोप प्रमाणाबाहेर. प्रसंग असे : बसून वाचताना, टीव्ही पाहताना, सभेत किंवा नाट्यगृहात स्वस्थ बसले असता, मोटारीत तासभर प्रवासी म्हणून, दुपारी आडवे झाल्यावर, कोणाशी बोलत बसले असता, मद्य न घेता केलेल्या दुपारच्या जेवणानंतर, आणि मोटार वाहतुकीत काही मिनिटे थांबली असता. खर्च काही नाही, वेळ पाच मिनिटे. या साधेपणामुळेच तो लोकप्रिय झाला, आणि त्या साधेपणाला एक अर्थ आहे. नाहीतर खेड्यापाड्यांतील दवाखान्यांत काहीच मोजले गेले नसते.

परंतु हे आठ प्रसंग मेलबर्नचे आहेत. अहमदपूर तालुक्यातील शेतकऱ्याला बसून वाचण्याचा प्रसंग क्वचित येतो, आणि मोटारीच्या दोन प्रश्नांवर तो काय सांगणार? 'मद्य न घेता' हा शब्दप्रयोग माळकरी म्हातारीला वाचून दाखविला तर ती पुढच्या प्रश्नांची उत्तरे देईल की नाही याची शंका आहे. मे महिन्यात पारा बेचाळीसवर गेला असता दुपारी आडवे झाल्यावर झोप येणे हे मराठवाड्यात आजाराचे नव्हे, शहाणपणाचे लक्षण आहे. त्याउलट कीर्तनात मागे भिंतीला टेकून बसल्यावर, एस.टी.त खिडकीशी जागा मिळाल्यावर, बाजार समितीत मालाचा पुकारा होण्याची वाट पाहताना काय होते, हे विचारले तर उत्तरे अधिक खरी मिळतील. प्रश्नावलीचे भाषांतर करणे म्हणजे शब्द बदलणे नव्हे, प्रसंग बदलणे. आणि बदललेली प्रश्नावली पुन्हा निद्राचाचणीशी ताडून पाहणे. हे काम नांदेड व लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवाक्याबाहेरचे नाही. त्याला यंत्रसामग्रीपेक्षा चिकाटी अधिक लागते.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. प्रश्नावली झोपेची मात्रा सांगते, कारण सांगत नाही. आणि या दोन जिल्ह्यांत झोप मोडणारी कारणे घशापुरती मर्यादित नाहीत. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, हे देशाला आठवते. त्याआधीच्या महिन्यात पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी व भांडणे टाळण्यासाठी जमावबंदी लागू करावी लागली होती. त्या उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत रात्र काढलेल्या बायकांना एपवर्थचे आठ प्रश्न विचारले असते, तर निम्मे शहर श्वासरोधाचे रुग्ण ठरले असते. शेतीपंपाला वीज रात्री मिळते तेव्हा दारे धरायला शेतकरी रात्रीच उठतो. दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये राज्याने आणली ती याच तक्रारीपोटी. साखर कारखान्याच्या हंगामात तिसऱ्या पाळीचा कामगार आणि उसाच्या जोड-ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टरचालक यांचे रात्र-दिवस उलटे होतात. आणि लातूरच्या शिकवणी वर्गांत डॉक्टर होण्यासाठी आलेली हजारो मुले पहाटे उठून मध्यरात्रीपर्यंत वाचतात. भावी डॉक्टरांचा पहिला धडा झोप मोडण्याचा आहे, ही विसंगती कोणाला टोचत नाही.

या सर्वांना दिवसा झोप येते, आणि त्यांतील काहींना श्वासरोधही असतो. ट्रॅक्टरचालकाला दोन्ही असतील तर त्याचे दुखणे पाळीच्या नावावर खपून जाते. उलट श्वासरोध तीव्र असूनही झोपेची तक्रार न करणारे लोक थोडे नाहीत. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात, 1999 मध्ये, एपवर्थचे सरासरी गुण विकार नसलेल्यांत 7.2 आणि तीव्र विकार असलेल्यांत 9.3 आढळले. फरक आहे, पण तीव्र गटाची सरासरीही दहाच्या आतच राहिली. वर्षानुवर्षे पेंगणाऱ्या माणसाला पेंग हीच आपली प्रकृती वाटू लागते. दात दुखला की कळते. जागेपणा हळूहळू कमी झालेला कळत नाही.

अशा वेळी खरी माहिती शेजारी झोपणाऱ्याकडे असते. उन्हाळ्यात माळवदावर किंवा गच्चीवर अंथरुणे पडतात, तेथे कोणाचा श्वास मध्येच थांबतो हे साऱ्या घराला ठाऊक असते. नवऱ्याच्या घोरण्याबद्दल बायको हसत सांगते. स्वतःच्या घोरण्याबद्दल मात्र ती डॉक्टरांसमोर बोलणार नाही आणि नवराही बोलणार नाही. भारतातील पाहण्यांचा 2023 मध्ये प्रसिद्ध झालेला एकत्रित आढावा प्रौढांत या विकाराचे प्रमाण 11 टक्के, पुरुषांत 13 आणि स्त्रियांत 5 टक्के सांगतो. देशात सुमारे 10 कोटी 40 लाख लोक. स्त्रियांचा आकडा शरीररचनेमुळे खरोखरच कमी आहे. पण तो किती कमी आहे हे कळायला आधी बायकांना कोणी विचारले पाहिजे.

यापुढचा भाग निव्वळ वैद्यकाचा नाही. माहिती देणाऱ्याला ती देण्याची किंमत मोजावी लागत असेल तर तो ती देत नाही, हे बाजाराच्या अभ्यासाने फार पूर्वी दाखवून दिले आहे. जुन्या मोटारींच्या बाजारात विकणाऱ्याला गाडीचे दोष ठाऊक असतात आणि घेणाऱ्याला नसतात. त्यामुळे सारा बाजारच बिघडतो, असे जॉर्ज ॲकरलॉफ यांनी 1970 मध्ये मांडले. चालकाच्या झोपेचा बाजार असाच आहे. दवाखान्यात 'सभेत डुलकी लागते का?' या प्रश्नाला तो खरे उत्तर देईल. तोच प्रश्न गाडीमालकाने किंवा परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने विचारला तर आठांपैकी आठ शून्ये भरून कागद परत येईल. पगार खेपेवर मिळतो, हप्ते दरमहा जातात, आणि गावात दुसरा धंदा नाही. खोटे बोलणाऱ्याला दोष देण्यापूर्वी खरे बोलणाऱ्याचे काय होते ते पाहावे लागेल : त्याची गाडी दुसऱ्याच्या हाती जाते.

प्रश्नावलीवर विश्वास नसेल तर प्रत्यक्ष चाचण्या आहेत. दिवसातून चार-पाच वेळा, दोन-दोन तासांच्या अंतराने, रुग्णाला अंधाऱ्या खोलीत निजवून त्याला किती मिनिटांत झोप लागते हे मेंदूच्या लहरींवरून पाहिले जाते. सरासरी आठ मिनिटे किंवा त्याहून कमी आली तर झोप विकारी समजतात. दुसरी चाचणी याच्या उलट : मंद प्रकाशात चाळीस मिनिटे स्वस्थ बसवून माणूस किती वेळ जागा राहू शकतो ते पाहणे. चालकाच्या दृष्टीने ही दुसरीच अधिक समर्पक, कारण रस्त्यावर प्रश्न झोप लागण्याचा नसून जागे राहण्याचा असतो. पण या चाचण्यांना दिवसभराची खोली, प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि आदल्या रात्रीची निद्राचाचणी लागते. ही सोय महानगरांत एकवटलेली आहे. 2023 च्या ऑक्टोबरात नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावल्याची बातमी देशभर गाजली. जेथे औषधे आणि मनुष्यबळ यांचीच ओरड आहे, तेथे झोप मोजण्याची खोली मागणे हे काहींना चैनीचे वाटेल.

ते चैनीचे नाही, याचे कारण उपचारांच्या हिशेबात आहे. सी-पॅप यंत्रासाठी हजारो रुपये पडतात. ते रोज रात्री नाकावर बांधून झोपावे लागते आणि वीज गेली की ते थांबते. सर्वांना ते देणे कोणत्याही योजनेला परवडणार नाही. मग आधी कोणाला? हृदयविकार व पक्षाघात यांपासून हे यंत्र वाचविते का, हे पाहण्यासाठी भारतासह सात देशांत झालेल्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष 2016 मध्ये आला. आधीच हृदयविकार किंवा मेंदूविकार असलेल्या 2,717 रुग्णांत हृदयाचे पुढचे झटके यंत्राने कमी झाले नाहीत. दिवसाची झोप मात्र कमी झाली आणि मनःस्थितीही सुधारली. त्या चाचणीत अति पेंगणाऱ्यांना मुळातच घेतले नव्हते, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरीही निष्कर्षाचा रोख स्पष्ट आहे : या यंत्राचा सर्वांत खात्रीचा लाभ जागेपणाचा आहे. म्हणून जो अधिक पेंगतो आणि ज्याच्या पेंगेने इतरांचेही प्राण जाऊ शकतात, त्याचा क्रम पहिला. हा क्रम लावायचा तर पेंग मोजल्यावाचून गत्यंतर नाही.

सरकारी आकडेवारीत मात्र पेंग अस्तित्वातच नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 4,61,312 रस्ते अपघात झाले आणि 1,68,491 माणसे मेली. नियमभंगाच्या कोष्टकात अतिवेग, मद्यपान, विरुद्ध दिशेने वाहन चालविणे, लाल दिवा ओलांडणे, मोबाईलचा वापर आणि 'इतर' असे रकाने आहेत. झोपेला रकाना नाही. पहाटे चारला सरळ रस्त्यावर, ब्रेकची खूण न उमटवता उभ्या ट्रकवर आदळलेली गाडी शेवटी 'अतिवेगा'त जमा होते आणि फिर्यादीत 'हयगयीने व निष्काळजीपणे' हे ठरलेले शब्द पडतात. मेलेला चालक प्रतिवाद करीत नाही. जिवंत राहिलेला, झोप लागली असे सांगून स्वतःचा गुन्हा कबूल करीत नाही. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाल्यावर लांब, सरळ, एकसुरी रस्त्यावरच्या गुंगीची चर्चा वृत्तपत्रांतून पुष्कळ झाली. दोष सिमेंटला आणि सरळपणाला देण्यात आला. तो रस्ता ज्या घशाच्या माणसाच्या वाट्याला आला त्याच्याविषयी फारसे कोणी बोलले नाही.

कायदा कामाचे तास मोजतो. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती. पाचांपेक्षा कमी कामगार असलेल्या मालकाला मात्र तो आपोआप लागू नव्हता. आता त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली आहे. पण आठ तास काम करून घरी जाऊन आठ तास निजलेला चालकही तीव्र श्वासरोध असेल तर जागा नसतो; तासांचा कायदा त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. युरोपीय संघाने 2014 च्या निर्देशाने मध्यम व तीव्र श्वासरोधाबरोबर दिवसा अतिझोप असलेल्या चालकाला उपचार घेतल्याचे प्रमाणपत्र दिल्यावाचून परवाना मिळणार नाही अशी तरतूद केली. त्यातील महत्त्वाची गोष्ट बंदी ही नव्हे. उपचार घेऊन जागा राहणाऱ्याला परवाना परत मिळतो, ही होय. कबुलीनंतर काम जाणार नाही अशी हमी असेल तरच माणूस कबुली देतो. आपल्याकडे ती हमी एस.टी. महामंडळासारख्या संस्थेला देता येण्याजोगी आहे. दोन गाड्यांच्या मालकाला ती परवडणार नाही, आणि तेथे शासनाने किंवा विमा कंपन्यांनी मध्ये पडल्याखेरीज काही घडणार नाही.

पहिली चाळणी तर जवळजवळ फुकट आहे. मुंबईच्या अभ्यासात विकाराशी ज्यांचा संबंध दिसला त्या गोष्टी म्हणजे वजन, मानेचा घेर आणि मधुमेह. मानेचा घेर शिंप्याच्या टेपने मोजता येतो. रक्तदाब आणि साखर कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात पाहता येते. त्याला स्थानिक प्रसंगांची प्रश्नावली आणि घरच्या माणसाची साक्ष जोडली, तर शंभरांतले दहा-पंधरा जणच घरगुती निद्राचाचणीसाठी निवडावे लागतील.

तूर्त परवान्यासाठी चालकाकडून जो नमुना क्रमांक एक भरून घेतला जातो, त्यात त्याला विचारतात की फेफरे किंवा चक्कर येते का. चांगल्या उजेडात पंचवीस मीटरवरची गाडीची पाटी प्रत्येक डोळ्याने वाचता येते का. रातांधळेपणा आहे का. ऐकू येते का. डोळे उघडे आहेत हे त्यात गृहीत धरलेले आहे.